डायनासोरचं अंडं कार्टमध्ये टाकण्याआधी

या एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'अ‍ॅक्चुअली' थोडे कमी केलेत, बाकी जसंच्या तसं.

 

आजचा विषय एका मेसेजवरून सुचला. आपल्या एका श्रोत्याने लिंक पाठवली आणि खाली लिहिलं, "ताई, डायनासोरचं ओरिजिनल अंडं, सर्टिफिकेटसकट, साडेअठरा हजार. घेऊ का? पहिल्या पगारातून काहीतरी भारी घ्यायचंय." लिंक उघडली. काळ्या मखमलीवर एक तपकिरी, भेगाळलेलं अंडं. खाली लिहिलंय टी-रेक्स, सात कोटी वर्षं जुनं, फक्त दोन शिल्लक.

म्हटलं, याचं उत्तर दोन ओळींत मावणार नाही. एपिसोडच करू.

आधीच सांगते, मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, भूवैज्ञानिक नाही. त्यामुळे 'हे शंभर टक्के खरं' असं कसं ओळखायचं ते मी आज सांगणार नाहीये. नुसत्या फोटोवरून ते जाणकारही छातीठोकपणे सांगत नाहीत. मी सांगणार आहे ते बाद कसं करायचं. आमच्या टेस्टिंगमध्ये हेच चालतं. प्रोग्राम बरोबर आहे हे सिद्ध करायला जन्म जातो, पण चुकीचा आहे हे दाखवायला एक फेल झालेली टेस्ट पुरते. आणि या टेस्ट तुम्ही घरबसल्या, मोबाइलवर करू शकता.

टेस्ट पहिली : नाव वाचा

लिस्टिंगमध्ये 'टी-रेक्सचं अंडं' लिहिलंय? तिथेच थांबा. टी-रेक्सचं म्हणून खात्रीने ओळखलेलं एकही अंडं आजवर सापडलेलं नाही. जगातल्या मोठ्या म्युझियमांकडे जे नाही, ते या विक्रेत्याकडे आहे, आणि तेही दोन शिल्लक!

यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. अंडं सापडलं म्हणजे आई सापडली असं होत नाही. आत पिल्लाची हाडं मिळाली, किंवा घरट्यावर बसलेला मोठा प्राणी मिळाला, तरच अंडं कोणाचं ते कळतं. मंगोलियातली गोष्ट ऐका. १९२३ साली रॉय चॅपमन अँड्र्यूज यांच्या मोहिमेला गोबी वाळवंटात अंडी सापडली. ती प्रोटोसेराटॉप्स नावाच्या डायनासोरची असणार असं धरलं गेलं. शेजारी दुसऱ्याच एका डायनासोरचा सांगाडा होता. हा अंडी चोरायला आला असणार, म्हणून १९२४ मध्ये त्याचं नाव ठेवलं ओव्हिरॅप्टर, म्हणजे अंडीचोर. पुढे १९९३ मध्ये तशाच एका अंड्यात पिल्लाचा सांगाडा मिळाला, आणि तो निघाला ओव्हिरॅप्टरच्या कुटुंबातला! ज्याला चोर म्हटलं, ती अंडी त्याच्याच घरची होती. नाव मात्र तेच राहिलं.

अंडी हातात असून शास्त्रज्ञांची सत्तर वर्षं फसगत झाली. म्हणून अभ्यासक अंड्यांना प्राण्यापासून वेगळी नावं देतात, मेगालूलिथस, एलाँगॅटूलिथस वगैरे. ही नावं अंड्याचा आकार आणि कवच बघून दिलेली असतात. लिस्टिंगमध्ये असं नाव आणि सोबत कुठल्या खडकाच्या थरातलं आहे ते लिहिलं असेल, तर निदान विक्रेत्याने अभ्यास केलाय. सिनेमातलं नाव असेल तर सिनेमाच समजा.

टेस्ट दुसरी : वजनाचा हिशोब

ही माझी सगळ्यात आवडती, कारण यात फक्त कॅल्क्युलेटर लागतो.

जीवाश्म झालेलं अंडं म्हणजे दगड. आतला बलक कधीच गेलेला असतो, त्या जागी गाळ भरतो आणि कोट्यवधी वर्षांत तो घट्ट होतो. अशा दगडाची घनता साधारण अडीच धरा, म्हणजे एका घन सेंटीमीटरला अडीच ग्रॅम. आता लिस्टिंगमधली लांबी, रुंदी आणि जाडी सेंटीमीटरमध्ये घ्या, तिघांचा गुणाकार करा आणि त्याला ०.५२ ने गुणा. हे झालं अंडाकृती वस्तूचं घनफळ. त्याला अडीचने गुणलं की वजन आलं ग्रॅममध्ये.

उदाहरण घेऊ. लांबी १८, रुंदी ८, जाडी ८. गुणाकार ११५२. गुणिले ०.५२, म्हणजे साधारण ६०० घन सेंटीमीटर. वजन हवं दीड किलोच्या आसपास. थोडं इकडेतिकडे चालेल. पण खाली शिपिंगमध्ये 'वजन ३५० ग्रॅम' लिहिलेलं असेल, तर ती वस्तू पाण्यात तरंगेल! आतून पोकळ असलेला रेझिनचा नाहीतर प्लास्टरचा खेळ आहे तो.

लक्षात ठेवा, या टेस्टमध्ये नापास झालं तर ते बाद. पास झालं तर फक्त पुढच्या टेस्टला बसायची परवानगी मिळाली. दगड कोरून केलेल्या अंड्याचं वजनही बरोबरच येणार ना.

टेस्ट तिसरी : भेगा जुळतात का

खऱ्या अंड्यावरच्या भेगा म्हणजे त्याच्या बोटांचे ठसे. दोन अंडी हुबेहूब सारखी फुटत नाहीत. त्यामुळे लिस्टिंगमधला फोटो इमेज सर्चमध्ये टाका. दुसऱ्या विक्रेत्याकडचं 'वेगळं' अंडं समोर आलं आणि त्याच जागी तीच वाकडी भेग, तोच उडालेला टवका दिसला, तर दोन्ही एकाच साच्यातून निघालेत. गणपतीच्या कारखान्यात शंभर मूर्तींच्या सोंडेला एकच वळण असतं, तसं. आणि फोटोच तोच असेल, तर विक्रेत्याकडे ती वस्तू असेलच असंही नाही.

मग विक्रेत्याकडे फोटो मागा. सहाही बाजूंचे, विशेषतः खालच्या बाजूचा. दिवसाच्या उजेडात अंडं हळूहळू फिरवून काढलेला व्हिडिओ. आणि कवच जिथे तुटलंय तिथला अगदी जवळून फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून. यातलं काहीही न देता 'सर, फटाफट बुक करा' असा रिप्लाय आला, की समजून जा.

टेस्ट चौथी : कवच

आता खऱ्या मुद्द्याला येऊ. अंडाकृती दगड जगात ढिगाने आहेत. अंडं ठरतं ते कवचामुळे. कवच नसेल तर ते अंडं आहे हे दाखवणं फार कठीण.

कोंबडीच्या अंड्याचं कवच अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ असतं, शहामृगाचं दोनएक मिलिमीटर. बऱ्याच मोठ्या डायनासोरांचं एक ते तीन मिलिमीटरच्या घरात असतं. म्हणजे तुटलेल्या कडेला बघितलं की एक वेगळा थर स्पष्ट दिसायला हवा. बाहेर कवच, आत दगड, दोघांचा रंग आणि पोत वेगळा. बाहेरचा आणि आतला दगड एकसारखाच असेल तर तो दगडच.

कवचावर नक्षीही असते. आपल्याकडच्या टायटॅनोसॉर, म्हणजे लांब मानेच्या भल्यामोठ्या डायनासोरांच्या अंड्यांवर बारीक गोल पुटकुळ्या दिसतात. ओव्हिरॅप्टर कुटुंबातल्या लांबट अंड्यांवर, मधल्या भागात, अंड्याच्या लांबीच्या दिशेने रेघोट्या असतात. सोनाराकडे असतं तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग घेतलं तर श्वासाची छिद्रंही दिसू शकतात. त्या पिल्लालाही हवा लागायचीच.

आता यातली लबाडी सांगते. बाजारात दिसणारी बरीच अंडी चीनच्या हेनान आणि ग्वांगदोंग या प्रांतांतली म्हणून विकली जातात. तिथे कवचाचे सुटे तुकडे भरपूर मिळतात. मग काय करतात, दगडाचा नाहीतर प्लास्टरचा गाभा बनवायचा, त्यावर खरे तुकडे गोंदाने चिकटवायचे आणि फटींत माती भरायची. तुकडा तपासला तर खरा! पण अंडं खोटं. अर्धसत्य म्हणतात ते हेच.

हे पकडायचं कसं? उकडलेलं अंडं टेबलावर हलकेच आपटून बघा. कवच तडकतं, पण तुकडे आपापल्या जागेवर असतात. या तुकड्याची कड शेजारच्या कडेत बरोब्बर बसते. खऱ्या जीवाश्म अंड्यातही असंच दिसतं. मातीच्या भाराने ते थोडं चेपलेलं असेल, एखादा तुकडा आत गेलेला असेल, पण कोडं जुळतं. चिकटवलेल्या अंड्यात कडा जुळत नाहीत, मध्ये मातीच्या रुंद पट्ट्या दिसतात, एक तुकडा जाड तर दुसरा पातळ. आणि ती नक्षीची रेघोटी इथे उभी, तिथे आडवी, पलीकडे तिरकी. कुठल्याच अंड्यावर रेघा अशा दहा दिशांना पळत नाहीत.

वस्तू हातात असेल तर अंधारात यूव्ही टॉर्च मारून बघा. गोंद आणि रेझिन बऱ्याचदा दगडापेक्षा वेगळे चमकतात. भिंगाखाली हवेचे बुडबुडे किंवा साच्याची शिवण दिसली तर प्रश्नच मिटला. इंटरनेटवर सांगतात ती व्हिनेगर टाकून फेस बघायची टेस्ट मात्र नको. कवच कॅल्साइटचं असतं म्हणून फेस येतो खरा, पण साध्या चुनखडीलाही येतो. म्हणजे सिद्ध काहीच होत नाही, आणि वस्तू खरी असेल तर तुम्ही ती खराब केलीत.

मग गावात सापडलेलं ते काय असतं?

आपल्याकडे अधूनमधून फॉरवर्ड फिरतो, अमुक गावात विहीर खणताना डायनासोरचं अंडं सापडलं. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या बेसॉल्टचा, म्हणजे लाव्हा थंड होऊन झालेल्या खडकाचा. हा खडक झिजताना त्याचे कोपरे आधी जातात आणि आत गोल गोटा उरतो. त्यावर कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. घाटातल्या रस्त्याच्या कडेला कापलेली दरड नीट बघा, असे गोटे ओळीने दिसतील. लोकांना ते पापुद्रे कवच वाटतात. पण अंडं टिकायला हवा गाळाचा खडक, लाव्हाच्या रसात ते कुठलं टिकणार?

२०२० मध्ये तमिळनाडूतल्या पेरंबलूर इथे असंच झालं. शेकडो डायनासोरची अंडी सापडली म्हणून फोटो देशभर फिरले. भूवैज्ञानिकांनी जाऊन बघितलं, तर त्या समुद्री गाळातल्या दगडी गाठी होत्या, अमोनाइट नावाच्या शंखवाल्या जिवांच्या काळातल्या.

पण मंडळी, याच्या उलटही घडतं. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये एक सुंदर गुलाबी-पांढरा अकीक होता, साधारण १५ सेंटीमीटरचा गोळा. १८१७ ते १८४३ या काळात भारतात राहिलेल्या चार्ल्स फ्रेझर नावाच्या माणसाने तो इथून नेला होता. १८८३ मध्ये त्याची खनिज म्हणून नोंद झाली. २०१८ मध्ये तिथल्या एका क्युरेटर बाई फ्रान्समधल्या खनिज प्रदर्शनात गेल्या. तिथे अकीक भरलेलं डायनासोरचं अंडं बघून त्यांना आपल्याकडचा गोळा आठवला. त्यावरचा पातळ थर कवच निघाला. मध्य भारतातल्या टायटॅनोसॉरचं अंडं, १३५ वर्षं दगड म्हणून कपाटात! सीटी स्कॅनमध्येही आतलं काही दिसलं नाही, इतका अकीक घट्ट. ओळख पटली ती आकार, कवच आणि मुख्य म्हणजे नोंद यावरून. कुठून आला, केव्हा आला, कोणी आणला, हे लिहिलेलं होतं म्हणून.

सर्टिफिकेटचं काय?

इथे माझ्या धंद्यातलं एक उदाहरण देते. वेबसाइटला सर्टिफिकेट लागतं. ते कोणीही स्वतःच बनवून स्वतःच सही करू शकतं, त्याला सेल्फ-साइन्ड म्हणतात. ब्राउझर अशा साइटवर लाल इशारा दाखवतो, कारण 'मी खरा आहे' असं सांगणाराही तोच आणि साक्षीदारही तोच. अंड्यासोबत येणारं चकचकीत सर्टिफिकेट बहुतेक वेळा असंच असतं. छापणारा विक्रेता, सही विक्रेत्याची.

त्यापेक्षा तीन प्रश्न विचारा. कुठल्या देशातल्या, कुठल्या जागेवरचं आहे? जमिनीतून केव्हा निघालं? आणि त्या देशातून बाहेर कुठल्या कागदावर आलं?

तिसरा प्रश्न आला की बहुतेक चॅट बंद होतात.

आणि खरं निघालं तर?

आता आपण त्या बाजूला आलो, जिथे फारसं कुणी बघत नाही. समजा सगळ्या टेस्ट पास. अंडं अस्सल. मग तर जास्त काळजी वाटायला हवी.

खोटं असेल तर तुमचे साडेअठरा हजार गेले. खरं असेल तर ते कुठून तरी उचललेलं आहे. चीनमध्ये जीवाश्मांच्या संरक्षणाचे कडक नियम १ जानेवारी २०११ पासून लागू आहेत. मंगोलियात जीवाश्म ही सरकारची मालमत्ता. म्हणजे तिथून निघालेलं 'फ्रेश' अंडं बाजारात दिसलं तर ते चोरीचं असण्याची शक्यता मोठी. अमेरिकेत खासगी जमिनीतले जीवाश्म मालकाला कायदेशीर विकता येतात, पण मग त्याचे कागद असतात.

'बेबी लुई' ऐकलंय का? हेनानमधली मोठाली अंडी आणि त्यावर पिल्लाचा सांगाडा. १९९३ च्या सुमारास हा नमुना अमेरिकेत गेला, १९९६ मध्ये नॅशनल जिओग्राफिकच्या मुखपृष्ठावर झळकला. अस्सल होता, सगळं जग बघत होतं, तरी त्याला शास्त्रीय नाव मिळायला २०१७ उजाडलं. २०१३ मध्ये तो चीनला परत गेला, मूळ जागा शोधली गेली, मग कुठे त्याला बेइबेइलाँग म्हणता आलं.

आणि आता आपल्या घरातलं बोलू. नर्मदेच्या खोऱ्यात, गुजरातपासून जबलपूरपर्यंत, आणि आपल्या नागपूर-चंद्रपूरच्या बाजूलाही लॅमेटा नावाचे गाळाचे थर आहेत. डायनासोर तिथेच राहायचे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदवली गेली. त्याच धार जिल्ह्यातल्या पाडल्या गावात लोक अशा गोल दगडांना काकड भैरव म्हणून पुजत होते, शेताचं आणि गुराढोरांचं रक्षण करणारा देव म्हणून. गुजरातमधल्या रैयोलीला तर असा एक दगड एका घरात मसाला वाटायला होता. माझ्या मते मसाला वाटणाऱ्या आजी आणि भैरवाला शेंदूर लावणारे शेतकरी यांनी ते अंडं, ऑनलाइन विकणाऱ्यापेक्षा, चांगलंच सांभाळलं. निदान ते गावातच राहिलं.

गुजरातमधलीच आणखी एक गोष्ट. ढोली डुंगरी नावाची जागा. १९८० च्या दशकात नागपूरशी संबंध असलेले भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे धनंजय मोहबे यांना तिथे अंडी आणि काही हाडं एकत्र मिळाली. हाडं पिल्लाची असावीत असं वाटलं. २००१ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ जेफ्री विल्सन यांनी तो दगड बघितला आणि त्यांच्या लक्षात आलं, यातले काही मणके सापाचे आहेत. २०१० मध्ये शोधनिबंध आला. फुटलेलं अंडं, त्याभोवती वेटोळं घातलेला साडेतीन मीटरचा साप, शेजारी नुकतंच बाहेर आलेलं अर्ध्या मीटरचं पिल्लू. साप पिल्लावर टपला होता, तेवढ्यात वरून गाळ आला आणि तो क्षण तसाच गाडला गेला. सापाचं नाव सनाजे इंडिकस.

आता विचार करा, त्या जागी आधी एखादा विकणारा पोचला असता तर? त्याने छिन्नीने गोल, देखणं तेवढं अंडं काढलं असतं. साप आणि पिल्लू कचरा म्हणून तिथेच फेकलं असतं. अंडं कुणाच्या तरी शोकेसमध्ये सर्टिफिकेटसकट बसलं असतं, शंभर टक्के अस्सल. आणि ती गोष्ट कायमची गेली असती.

मग करायचं काय?

ज्याने मेसेज केला त्याला माझं उत्तर : नको घेऊस रे. त्या लिस्टिंगने नावाच्या टेस्टमध्येच मान टाकलीय. टेबलावर डायनासोरचं अंडं हवंच असेल तर 'रेप्लिका' असं स्पष्ट लिहून विकली जाणारी प्रतिकृती घे, स्वस्तात येते आणि खोटं बोलत नाही. उरलेल्या पैशांत बालासिनोरजवळच्या रैयोलीला जाऊन ये. डायनासोर म्युझियम आहे, जीवाश्म उद्यान आहे, आणि अंडी जिथे घातली गेली त्याच जमिनीत बघायला मिळतात.

आणि तुमच्यापैकी कुणी चंद्रपूर, नागपूर किंवा नर्मदेच्या भागातले असाल आणि शेतात, ओढ्यात असं काही दिसलं, तर उचलू नका. शेजारी नाणं ठेवून फोटो काढा, लोकेशन पिन सेव्ह करा, आजूबाजूच्या मातीचेही फोटो घ्या. मग नागपूरचं भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं ऑफिस किंवा जवळच्या कॉलेजचा भूगर्भशास्त्र विभाग, त्यांना कळवा. आणि ती पिन स्टेटसला टाकू नका बरं का, विकणारेही स्टेटस बघतात.

आजच्यासाठी एवढंच. एखादी संशयास्पद लिस्टिंग दिसली तर लांबी, रुंदी, जाडीचा हिशोब आधी तुम्ही करा आणि आकडा मला पाठवा. सगळ्यात हलकं अंडं कोणाला सापडतं ते बघू. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या, मस्त राहा!